खोली नंबर ८० कुणाची?

घरात एकच लॅपटॉप आहे. त्यावर ताईचं गाणं सुरू आहे. पडद्यामागे मेल तपासणारा प्रोग्रॅम जागाच आहे. बाबांनी अर्धवट पाहिलेला व्हिडिओ अजून उतरतोय. आणि या सगळ्यात तुम्ही हळूच येऊन माइनक्राफ्ट सुरू केलंत.

आता गंमत बघा. वायफायमधून जे काही येतं, ते तुकड्या-तुकड्यांनी येतं. अशा एका तुकड्याला म्हणतात पॅकेट. एका पॅकेटात साधारण दीड हजार बाइट मावतात, त्यामुळे एका गाण्याचीसुद्धा हजारो पॅकेटं होतात. ती ओळीने येत नाहीत. गाण्याचं एक, मग गेमची दोन, मग मेलचं एक, पुन्हा गाण्याचं, अशी सगळी सरमिसळ. तरीही गाण्याचा तुकडा कधी गेममध्ये घुसत नाही. तुमच्या तलवारीतून ताईच्या गाण्याचा आवाज येत नाही!

कुणीतरी प्रत्येक पॅकेट बघून ठरवतंय की हे गाण्याचं, हे गेमचं. कशावरून बरं?

अर्धा पत्ता, पूर्ण पत्ता

तुम्ही म्हणाल, "सोप्पंय! आयपी पत्त्यावरून." आयपी पत्ता तुम्ही कुठेतरी पाहिला असेल: १९२.१६८.१.५ असा, ठिपके दिलेला. पण त्याने काम अर्धंच होतं. या पत्त्यामुळे पॅकेट तुमच्या लॅपटॉपपर्यंत पोचतं. लॅपटॉपच्या आत कुणाकडे जायचं, हे तो सांगत नाही.

एखादी जुनी चाळ डोळ्यांसमोर आणा. पाकिटावर नुसतंच चाळीचं नाव लिहिलंय. पोस्टमनकाका फाटकापर्यंत येतील, पण पुढे काय? आत बिऱ्हाडं शंभर. खोली नंबर नको का?

संगणक म्हणजे अशीच चाळ. आयपी पत्ता हा चाळीचा पत्ता. खोलीच्या नंबराला म्हणतात पोर्ट. प्रोग्रॅम हे भाडेकरू. आणि मालक? मालक म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम: विंडोज, लिनक्स, मॅक किंवा अँड्रॉइड, जी असेल ती. कुठली खोली कुणाला दिली, याची वही मालकाकडे असते.

(केबल खुपसायला संगणकाला जी भोकं असतात, त्यांनाही पोर्टच म्हणतात. ती वेगळी. आपलं पोर्ट हाताला लागत नाही, तो नुसता आकडा आहे.)

या चाळीत खोल्या किती? पोर्टचा आकडा लिहायला प्रत्येक पॅकेटवर १६ बिटांची जागा ठेवलेली असते. एक बिट म्हणजे ० किंवा १. एका बिटाने दोन आकडे लिहिता येतात, दोन बिटांनी चार, तीन बिटांनी आठ. असं १६ वेळा दुप्पट करत जा. वही-पेन घेऊन करून बघाच. उत्तर येतं ६५,५३६. म्हणजे ० पासून ६५,५३५ पर्यंत खोल्या.

त्यातही चाळीला दोन विंगा आहेत. एक टीसीपीची. तिथला कारभार काटेकोर: पॅकेट हरवलं तर पुन्हा मागवायचं आणि सगळी क्रमाने लावायची. दुसरी यूडीपीची. तिथे पॅकेट टाकलं आणि निघाले, पोचलं की नाही विचारत बसायचं नाही. दोन्ही विंगांत खोल्यांचे नंबर तेच, पण खोल्या वेगळ्या.

"मालक, ८० नंबर द्या!"

खोली मिळते कशी, ते बघू. एका छोट्या प्रोग्रॅमला वेबसाइट चालवायची आहे. त्याला आपण बंड्या म्हणू.

बंड्या पहिली मागणी करतो ती सॉकेटची. सॉकेट म्हणजे बाहेरच्या जगाशी बोलायचं साधन. मालक ते देतात आणि हातात एक छोटा आकडा ठेवतात. लिनक्ससारख्या यंत्रणांवर हा आकडा बहुतेक वेळा ३ असतो. ३ च का? कारण ०, १ आणि २ प्रत्येक प्रोग्रॅमला जन्मतःच मिळालेले असतात. ० वरून तो आपण टाइप केलेलं वाचतो, १ वर उत्तर लिहितो आणि २ वर आपल्या चुका कळवतो.

बंड्याला सॉकेट तर मिळालं. पण त्याला पत्ताच नाही! बाहेरचं कुणी बंड्याला शोधू म्हटलं, तर शोधणार कुठे? म्हणून दुसरी मागणी. तिचं नाव बाइंड.

"मालक, या सॉकेटला पत्ता द्या."

"चाळीला फाटकं तीन-चार आहेत रे. कुठल्या फाटकाचा पत्ता?"

"१९२.१६८.१.५."

"बरं. आणि खोली?"

"८०."

मालक वही चाळतात. खोली रिकामी असेल, बंड्याला ती घ्यायची परवानगी असेल, तर नोंद होते. बस्स! त्या क्षणापासून या पत्त्यावर ८० नंबरसाठी आलेलं प्रत्येक पॅकेट बंड्याचं.

मग बंड्या आणखी दोन गोष्टी करतो. 'लिसन' म्हणजे कान देऊन बसणं आणि 'ॲक्सेप्ट' म्हणजे आलेल्या पाहुण्याला आत घेणं.

सॉकेट, बाइंड, लिसन, ॲक्सेप्ट ही नावं आली अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथून. तिथल्या मंडळींनी १९८३ साली ४.२ बीएसडी नावाची ऑपरेटिंग सिस्टीम बाहेर काढली, तिच्यात ही पद्धत होती. ती इतकी सोयीची निघाली की पुढे सगळ्यांनी उचलली. आज तुमच्या फोनवर एखादा ॲप इंटरनेटशी बोलतो, तेव्हाही खोलवर याच मागण्या, याच नावांनी केल्या जातात.

वाट पाहणारा आणि निघालेला

आता एक प्रश्न. बंड्याने मुद्दाम ८० नंबरच का मागितला? ६५,५३६ खोल्या पडल्या आहेत, कुठलीही घ्यायची!

कारण बंड्या वाट पाहणारा आहे. त्याच्याकडे लोक येणार. येणाऱ्यांनी त्याला कधी पाहिलेलं नाही, त्यामुळे त्याचा नंबर त्यांना आधीपासून ठाऊक असायला हवा. अशा वाट पाहणाऱ्या प्रोग्रॅमला सर्व्हर म्हणतात.

तुमच्या लॅपटॉपवरचा ब्राउझर मात्र निघालेला आहे. तो स्वतःहून सर्व्हरकडे जातो, प्रश्न विचारतो, उत्तर घेतो. त्याला भेटायला कुणी आपणहून येणार नाही. पण उत्तर परत यायला त्यालाही खोली लागतेच की! मग तो काय करतो? काहीच नाही. बाइंडची मागणीच करत नाही. तो थेट 'कनेक्ट' म्हणतो, आणि मालक आपणच वहीतली एखादी रिकामी खोली त्याच्या नावावर करतात. नंबर काय मिळाला, याची ब्राउझरला फिकीर नसते. पाठवलेल्या पॅकेटवर तो नंबर पाठवणाऱ्याच्या जागी लिहिलेला असतो, त्यामुळे उत्तर बरोबर तिथेच येतं. काम झालं की खोली मोकळी.

या तात्पुरत्या खोल्या मालक वरच्या मजल्यांवरून देतात. लिनक्समध्ये नेहमीची ठरलेली हद्द ३२,७६८ ते ६०,९९९ अशी आहे, तर विंडोजमध्ये ४९,१५२ पासून शेवटपर्यंत.

आणि बाइंड करताना खोली नंबर ० मागितला तर? तर मालक म्हणतात, "म्हणजे तुला कुठलीही चालेल." आणि तेच एक रिकामी खोली काढून देतात. ० नंबरच्या खोलीत कुणी राहत नाही.

तेव्हा एवढं लक्षात ठेवा: जो वाट पाहतो, त्याला ठरलेला नंबर लागतो. जो निघतो, त्याला कुठलाही चालतो. पुढच्या सगळ्या गमतीजमती या एका गोष्टीतून निघतात.

नंबर वाटणारा माणूस

ठरलेला नंबर म्हणजे ठरवला कुणी? सगळ्या जगाने एकच नंबर मानायचा, तर कुणीतरी यादी ठेवायला हवी.

ही यादी ठेवली जॉन पोस्टेल यांनी. १९७२ च्या मे महिन्यात, इंटरनेट हे नाव घरोघरी पोचायच्या कितीतरी आधी, २८ वर्षांच्या पोस्टेल यांनी एक छोटं टिपण लिहिलं. त्यात त्यांनी सुचवलं की हे आकडे अधिकृतपणे वाटायला एखादा झार, म्हणजे रशियात असत तसा सम्राट, नेमावा. आणि तो सम्राट बहुधा आपणच, असंही प्रश्नचिन्ह टाकून मिश्कीलपणे विचारून टाकलं! लोकांनी ते मान्यच केलं. पुढे १९९८ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत ते आणि त्यांचे सहकारी हे काम सांभाळत राहिले. त्या कामाला नाव मिळालं आयाना. ही यादी आजही आयानाकडेच आहे.

यादीत डोकावू या. वेबसाइटसाठी ८०. कुलूप लावलेल्या, सुरक्षित वेबसाइटसाठी ४४३. मेल पोचवायला २५. वेबसाइटच्या नावावरून आयपी पत्ता विचारायला ५३. घड्याळ जुळवायला १२३. काही जुने नंबर तर फारच मजेदार आहेत. ७ नंबरच्या खोलीत जे बोलाल तेच परत ऐकू येतं. १३ नंबर तारीख आणि वेळ सांगतो. १७ नंबर एखादा सुविचार ऐकवतो! आणि यादीबाहेरचा एक नंबर: माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचा सर्व्हर वाट पाहतो २५,५६५ ला.

ब्राउझरमध्ये वेबसाइटचं नाव टाकताना तुम्ही ८० किंवा ४४३ कधी लिहिता का? नाही ना? ब्राउझरला यादी पाठ आहे, तो गुपचूप जोडतो.

२२ नंबर रिकामा का होता?

जुन्या नंबरांकडे नीट बघा: ७, १३, १७, २१, २३, २५. काही लक्षात आलं? सगळे विषम!

हा योगायोग नाही. इंटरनेटच्या आधीचं जाळं होतं आर्पानेट. तिथे सुरुवातीच्या नियमांत एक जोडणी एकाच दिशेने चालायची. बोलायला एक, ऐकायला दुसरी. म्हणून दोन नंबरांची जोडी लागे, एक सम आणि एक विषम. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेट टीसीपी आणि आयपीच्या नव्या नियमांवर आलं. नव्या नियमांत एकाच जोडणीतून दोन्हीकडे बोलता येतं. जोडीची गरज संपली. विषम नंबर जुन्या सवयीने तसेच राहिले आणि शेजारच्या सम नंबरांच्या अनेक खोल्या ओस पडल्या.

त्यातली एक खोली एका फिनलंडवाल्याच्या डोळ्यांत भरली. त्याचं नाव तातू युलोनेन. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात त्याने एक प्रोग्रॅम लिहिला. त्याच्या विद्यापीठाच्या जाळ्यात कुणीतरी चोरून कान लावून पासवर्ड पळवले होते. कारण त्या काळी दूरच्या संगणकावर जायला २३ नंबरचं टेलनेट आणि फायली न्यायला-आणायला २१ नंबरचं एफटीपी वापरत, आणि दोन्हीकडे पासवर्ड उघडाच जायचा. तातूच्या प्रोग्रॅममध्ये सगळं बोलणं गुप्त लिपीत जायचं. नाव ठेवलं एसएसएच.

हा प्रोग्रॅम टेलनेट आणि एफटीपी दोघांचीही जागा घेणार होता. मग त्या दोघांच्या मधलीच खोली मिळाली तर? २१ आणि २३ च्या मध्ये २२, आणि तीही रिकामी! तातूने १० जुलै १९९५ रोजी आयानाला मेल लिहिला. जोरदार ओळखपाळख नाही, शिफारस नाही. दुसऱ्याच दिवशी पोस्टेल यांच्या सहकारी जॉइस रेनॉल्ड्स यांचं उत्तर आलं: २२ नंबर तुमचा. जगभरातले सर्व्हर सांभाळणारे लोक आज रोज याच खोलीचं दार ठोठावतात.

मालक "नाही" म्हणतात तेव्हा

बाइंडची मागणी केली की खोली मिळतेच असं नाही. नेहमी भेटणारे नकार तीन तऱ्हांचे असतात, आणि लिनक्समध्ये प्रत्येकाला आकडाही आहे.

पहिला नकार, नंबर १३: परवानगी नाही. १,०२४ च्या खालचे पोर्ट लिनक्सवर वाटेल त्याला मिळत नाहीत. ते घ्यायला संगणकाच्या मुख्य व्यवस्थापकाचे अधिकार लागतात. ही शिस्तही बर्कलीकडचीच. त्या काळी विद्यापीठातला एकच मोठा संगणक शेकडो विद्यार्थी वापरत. एखाद्या खोडकर पोराने २३ नंबरच्या खोलीत आपला नकली टेलनेट बसवला असता, तर येणारा प्रत्येक जण खरा समजून त्यालाच पासवर्ड सांगून गेला असता! म्हणून नावाजलेल्या नंबरांवर मालकाची नजर. घरी शिकता-शिकता सर्व्हर बनवणारे लोक ८० ऐवजी ८०८० किंवा ८००० नंबर घेतात, ते यामुळेच.

दुसरा नकार, नंबर ९९: हा पत्ता इथला नाही. आपल्या संगणकाला जो आयपी पत्ता नाही, तो मागितला की हे उत्तर. आपल्या चाळीत उभं राहून पलीकडच्या चाळीतली खोली भाड्याने मागितली तर मालक दुसरं काय म्हणणार?

तिसरा नकार, नंबर ९८: पत्ता आधीच वापरात आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना सर्वांत जास्त छळतो तो हा. खोलीत दुसरा भाडेकरू असेल तर ठीकच आहे. पण कधी कधी खोलीत कुणीच नसतं! सर्व्हर आपणच बंद केलेला असतो, लगेच पुन्हा सुरू करावा तर मालक म्हणतात, "खोली रिकामी नाही."

भुताटकी? छे! यामागे शहाणपण आहे. सर्व्हरने एखाद्याशी बोलणं संपवलं, तरी त्या बोलण्यातलं एखादं पॅकेट वाटेत रेंगाळलेलं असू शकतं. लगेच नवी गाठभेट सुरू झाली आणि ते उशिराचं पॅकेट मध्येच टपकलं, तर जुन्या बोलण्यातला तुकडा नव्यात मिसळेल. म्हणून टीसीपीच्या नियमात असं आहे, की ज्याने बोलणं आधी संपवलं त्याच्या बाजूची नोंद काही काळ वहीत तशीच ठेवायची. या अवस्थेचं नाव टाइम-वेट. १९८१ च्या नियमपुस्तिकेप्रमाणे हा वेळ चार मिनिटांचा होतो. लिनक्स साठ सेकंदांत आटपतं.

पण एखाद्या दुकानाची वेबसाइट मिनिटभर बंद कशी ठेवायची? त्यासाठी बाइंडच्या आधी मालकाला सांगायची एक सोय आहे: "जुन्या बोलण्यांच्या नोंदी राहू द्या, मला खोली आत्ताच द्या." सर्व्हर लिहिणारा कुणीही अनुभवी माणूस ही ओळ घालायला विसरत नाही.

कुठल्या फाटकाने?

मालकांनी मघाशी बंड्याला फाटक विचारलं होतं. त्याचं काय?

तुमच्या लॅपटॉपला वायफायचा एक पत्ता असतो. केबल जोडली तर तिचा दुसरा. आणि एक पत्ता प्रत्येक संगणकात असतोच: १२७.०.०.१. हे आतल्या आत उघडणारं फाटक. इथे पाठवलेलं पॅकेट बाहेर पडतच नाही, त्याच संगणकात परत येतं. संगणकाला स्वतःशी बोलायला एवढा एक पत्ता पुरला असता, पण जुन्या नियमकर्त्यांनी हात सैल सोडला आणि १२७ ने सुरू होणारे सगळेच पत्ते त्यासाठी राखले. किती? १,६७,७७,२१६!

बंड्याने १२७.०.०.१ मागितला, तर त्याच लॅपटॉपवरचे प्रोग्रॅम त्याला भेटू शकतात, बाहेरचं कुणीही नाही. वायफायचा पत्ता मागितला, तर वायफायकडून येणारे भेटतील. आणि त्याने ०.०.०.० मागितला तर? त्याचा अर्थ, "सगळ्या फाटकांनी येणारे सगळे माझेच."

सोयीचं वाटतं, पण जपून! मोंगोडीबी नावाचा माहिती साठवणारा एक लोकप्रिय प्रोग्रॅम आहे, खोली नंबर २७,०१७. पुष्कळ लोकांनी तो सगळ्या फाटकांना उघडा आणि वर पासवर्ड न लावता ठेवला होता. २०१७ च्या जानेवारीत चोरांनी असे हजारो साठे शोधले, आतली माहिती पुसली आणि ती परत हवी तर पैसे टाका, असा निरोप ठेवला. त्याच वर्षी निघालेल्या नव्या आवृत्तीत बनवणाऱ्यांनी नियम बदलला. आता काही न सांगता बसवलं, तर तो प्रोग्रॅम फक्त आतल्या फाटकाशीच बसतो. बाहेरचं फाटक हवं असेल तर तसं मुद्दाम सांगावं लागतं.

एका खोलीत लाख पाहुणे

तुमच्यातला एखादा चौकस आता विचारेल, "मोठ्या वेबसाइटवर एकाच वेळी हजारो लोक येतात. सगळेच ४४३ नंबरला. मग त्यांच्या बोलण्याचा गोंधळ कसा होत नाही?"

शाब्बास! कारण टीसीपीचा मालक नुसता खोली नंबर बघत नाही. तो चार गोष्टी एकत्र बघतो: आपला पत्ता, आपला पोर्ट, पाहुण्याचा पत्ता, पाहुण्याचा पोर्ट. चारांतली एक जरी वेगळी, तरी बोलणं वेगळं. तुम्ही आणि ताई एकाच लॅपटॉपवरून, दोन खिडक्यांतून, एकाच वेबसाइटवर गेलात तरी तुमचा तात्पुरता पोर्ट ५२,३४४ असेल तर तिचा ५२,३४५. एवढा फरक पुरतो. सर्व्हर प्रत्येक पाहुण्यासाठी नवं सॉकेट काढतो, पण त्या सगळ्या सॉकेटांचा आपल्या बाजूचा नंबर ४४३ च राहतो. वाट पाहणाऱ्याचा नंबर ठरलेला, निघालेल्याचा कुठलाही: पुन्हा तेच!

अंडं कुठून फोडायचं?

खोली नंबर सांगताना एक भलतीच चूक होते. ८० हा आकडा १६ बिटांत, म्हणजे दोन बाइटांत लिहायचा असतो. एक बाइट २५६ च्या पटींचा, दुसरा उरलेल्याचा. ८० मध्ये २५६ एकदाही जात नाही, म्हणून मोठ्या बाइटात ० आणि छोट्यात ८०. इंटरनेटचा नियम: मोठा बाइट आधी. म्हणून ०, ८०. पण आपल्या लॅपटॉपांत बहुधा असणारी इंटेल किंवा एएमडीची चिप छोटा बाइट आधी ठेवते: ८०, ०. बंड्याने आकडा तसाच मालकांपुढे केला, तर मालक इंटरनेटच्या नियमाने वाचतात: ८० गुणिले २५६, अधिक ०, बरोबर २०,४८०! बंड्या बसलाय २०,४८० नंबरमध्ये आणि पाहुणे दार वाजवताहेत ८० नंबरचं. म्हणून आकडा देण्याआधी बाइट नीट लावणारं 'एचटॉन्स' नावाचं एक छोटं फंक्शन वापरायचं असतं.

कुठला बाइट आधी, यावर संगणकवाले खूप भांडले. डॅनी कोहेन या शास्त्रज्ञाने १ एप्रिल १९८० या तारखेने एक लेख लिहून दोन्ही बाजूंची फिरकी घेतली. जोनाथन स्विफ्टच्या गलिव्हरच्या गोष्टीत लिलिपुटचे चिमुकले लोक उकडलेलं अंडं जाड टोकाकडून फोडायचं की बारीक, यावरून लढतात. कोहेनने संगणकवाल्यांच्या दोन पक्षांना तीच नावं दिली: बिग-एंडियन आणि लिटल-एंडियन. ती नावं आता पाठ्यपुस्तकांत आहेत!

कोडं: असे कुठले पोर्ट नंबर आहेत, ज्यांचे बाइट उलटे लावले तरी नंबर तोच राहतो? असे एकूण किती? (सुरुवात २५७ पासून करून बघा.)

करून पाहा

घरातल्या मोठ्यांना सोबत घ्या. विंडोजच्या लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि इंग्रजीत नेटस्टॅट हा शब्द टाइप करा. मग एक जागा सोडून उणे चिन्ह, त्याला लागून ए आणि एन ही छोटी अक्षरं. एंटर दाबा. ही मालकाची वही! यातून काही बिघडत नाही, आपण फक्त वाचतोय.

दुसऱ्या रकान्यात आपला पत्ता आणि विसर्गासारख्या दोन ठिपक्यांनंतर पोर्ट. तिसऱ्यात समोरच्याचा. शेवटी अवस्था. जिथे लिसनिंग लिहिलंय, तो प्रोग्रॅम वाट पाहतोय. त्याचं फाटक ०.०.०.० आहे की १२७.०.०.१, ते बघा. जिथे एस्टॅब्लिश्ड लिहिलंय, तिथे बोलणं चाललंय. तिथे समोर बऱ्याचदा ४४३ दिसेल आणि आपल्याकडे ४९,१५२ च्या वरचा कुठला तरी नंबर. एखादी वेबसाइट उघडा आणि आज्ञा पुन्हा द्या. किती ओळी वाढल्या? मग ब्राउझर बंद करून पुन्हा बघा. एखादी टाइम-वेटची ओळ सापडली तर घड्याळ लावून बसा, आणि ती वहीतून कधी पुसली जाते ते टिपा.

(कोड्याचं उत्तर: दोन्ही बाइट सारखे असतील तर नंबर बदलत नाही. असे नंबर म्हणजे २५७ चा पाढा: ०, २५७, ५१४, ७७१ असं करत ६५,५३५ पर्यंत. एकूण २५६.)